लाल पट्टी काय म्हणून राहिली

सडक अर्जुनीच्या कॉलेजात मी १९९९ साली रुजू झाले. संगणकाच्या खोलीत तेव्हा आठ मशीन होती, त्यातली सहा चालायची. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात पास्कल नावाची प्रोग्रामिंगची भाषा शिकवायची होती. खोली महामार्गाच्या बाजूला होती. रायपूरकडे जाणारा भरलेला ट्रक गेला की खिडकीची तावदानं थरथरायची आणि मुलं हातातलं काम सोडून मॉनिटर धरायची.

पहिल्या आठवड्यातच मला कळलं की इथे पास्कल कोणी शिकत नाही, पास्कलला घाबरतात. निळ्या पडद्यावर पिवळ्या अक्षरांत प्रोग्राम टाइप करायचा आणि कंपाइलरला तपासायला द्यायचा. चूक सापडली की कंपाइलर तिथेच थांबायचा. वरच्या बाजूला एक लाल पट्टी यायची आणि त्या पट्टीवर चुकीचा नंबर आणि इंग्रजीत एक ओळ. पट्टी दिसताच मुलं कीबोर्डवरून हात काढून मांडीवर ठेवत आणि ओरडत, "मॅडम, एरर आला!" मला यायला उशीर झाला तर एस्केपचं बटण दाबत. पट्टी जाई, म्हणजे चूकही गेली असं त्यांना वाटे. पुन्हा चालवलं की पुन्हा पट्टी. एकाने तर अख्खा प्रोग्राम पुसून पहिल्या ओळीपासून परत टाइप केला होता, त्याच चुकीसकट.

मी काय करत होते? खोलीभर धावत होते. इथे एक सेमीकोलन टाक, तिथे एक स्पेलिंग सुधार, "हं, चालव आता." तास संपला की माझे पाय दुखायचे आणि मुलांना काही आलेलं नसायचं. वर्षअखेर प्रात्यक्षिक परीक्षा झाली, तीत निम्म्याहून जास्त मुलं नापास झाली. आमचे विभागप्रमुख सर मूळचे भौतिकशास्त्राचे, माणूस भला. ते म्हणाले, "मॅडम, मनाला लावून घेऊ नका. मुलांचं इंग्रजीच कच्चं, त्याला तुम्ही काय करणार?"

मी मनाला लावून घेतलंच. कारण ती मुलं म्हणजे मीच होते. माझं माहेर अर्जुनी मोरगाव तालुक्यात, शेती इटियाडोह धरणाच्या कालव्याखाली. घरात आम्ही पोवारी बोलायचो, गल्लीत झाडीबोली, गोंदियाच्या बाजारात हिंदी, आणि शाळेच्या पुस्तकातली मराठी ही चौथी. पुढे नागपूरला हॉस्टेलवर गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्या तोंडून "का"च्या जागी "काऊन" निघालं आणि खोलीतल्या मुली हसल्या. त्यानंतर वर्षभरात मी "काऊन", "कायले", "मले", "तुले" सगळं जिभेवरून खरवडून काढलं. कॉलेजात शिकवायला आले ती छापील मराठी घेऊन. तिचा मला अभिमानही होता.

दुसऱ्या वर्षी नवी तुकडी आली. तीत एक विद्यार्थिनी सत्तावीस वर्षांची होती, म्हणजे माझ्याहून एक वर्षाने मोठी. केशोरीची सून, घरी धानाची शेती, मुलगा बालवाडीत. लग्नाआधी बारावी झालेली. मुलाला सासू सांभाळते म्हणाली. सकाळी केशोरीहून एसटी पकडायची, नवेगावबांधला गाडी बदलायची आणि अकराच्या तासाला हजर. बाकीची मुलं अठरा-एकोणीसची, त्यामुळे सगळे तिला ताई म्हणू लागले. मीही ताईच म्हणायचे.

तिला पहिली लाल पट्टी आली तेव्हा तिने एस्केप दाबला नाही. हात मांडीवर ठेवले नाहीत. पट्टीवर बोट ठेवून एकेक अक्षर लावत तिने ती ओळ वाचली आणि मला हाक मारली.

"मॅडम, हे काय म्हणून राहिली?"

"एरर पंच्याऐंशी. सेमीकोलन एक्सपेक्टेड. म्हणजे सेमीकोलन अपेक्षित आहे."

"कोणाले?"

'अपेक्षित आहे' हे मी शंभरदा सांगितलं होतं. कोणाला, हे मला कोणी विचारलं नव्हतं.

"मशीनला," मी म्हणाले.

"मग तसं सांगा ना. मले सेमीकोलन पाहिजे होता, तू देल्ला नाही, असं म्हणून राहिली ते." तिने पडद्याकडे पाहिलं. "पण मॅडम, या ओळीत तर सेमीकोलन हाये. हा पाहा."

होताच. कर्सर पाचव्या ओळीवर लुकलुकत होता आणि पाचव्या ओळीच्या शेवटी सेमीकोलन अगदी जागेवर होता. राहिला होता तो चौथ्या ओळीच्या शेवटी.

"मागच्या ओळीत नाही," मी दाखवलं.

"मागच्याची चूक, मग पुढच्यावर काऊन बोट ठेवते?"

मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. म्हटलं, मशीनला ओळ संपली हे कळत नाही. ते एकेक शब्द वाचत पुढे जातं. चौथी ओळ संपली तरी त्याला वाटतं, वाक्य अजून चालू असेल. पाचव्या ओळीतला पहिला शब्द आला की त्याला उमगतं, अरे, मागे काहीतरी राहिलं. तोवर ते पाचव्या ओळीवर पोचलेलं असतं.

ती म्हणाली, "म्हणजे आमच्या एसटीच्या कंडक्टरसारखं. केशोरीले बिनतिकिटाचा चढला, हे त्याले पुढच्या थांब्यावर समजते. म्हणून पुढच्या थांब्यावर भांडून काय फायदा? तो माणूस मागेच चढला ना!"

खोली हसली. पण हसता हसता पाच-सहा डोकी आपापल्या पडद्यावर झुकली आणि कर्सरच्या वरची ओळ पाहू लागली. "सापडला!" मागून एकजण ओरडला. मग दुसरी. मी जागची हललेच नव्हते. माझ्या नोकरीत हे पहिल्यांदाच घडत होतं.

घरी जाताना मी एक दोनशे पानी वही घेतली. दुसऱ्या दिवशी ती दारापाशीच्या टेबलावर ठेवली आणि नियम सांगितला. लाल पट्टी आली की एस्केप दाबायचा नाही. आधी वहीपाशी यायचं. ती चूक वहीत असेल तर वाचायचं आणि जाऊन दुरुस्त करायचं. नसेल तर मला बोलवायचं. मी अर्थ सांगेन, पण वहीत लिहायचं तुम्ही, तुमच्या शब्दांत. एका चुकीला एक पान. मशीन काय म्हणते, म्हणजे काय, आणि कुठे पाहायचं.

मला वाटलं होतं, मुलं 'तुमच्या शब्दांत' म्हटल्यावर पुस्तकी मराठी लिहितील. पहिलं पान ताईने लिहिलं. "मले सेमीकोलन पाहिजे होता, तू देल्ला नाही. मी जेथं उभी हाओ तेथं पाहू नको. मागच्या ओळीच्या शेवटी पाय." ते वाचून मी पेन उघडला, 'मले'चं 'मला' आणि 'पाय'चं 'पाहा' करायला. पेन तसाच हातात राहिला. मग मी तो मिटून टाकला.

त्या पानानंतर वही धावायला लागली. एरर तीन, अननोन आयडेंटिफायर: "या नावाच्या माणसाले मी ओळखत नाही. आधी वर व्हॅरमध्ये, नावांच्या यादीत, ओळख करून दे. करून देल्ली असन तर स्पेलिंग पाय." एरर सव्वीस, टाइप मिसमॅच: "आकड्याच्या डब्यात अक्षर टाकून राहिला." एरर दहा, अनएक्सपेक्टेड एंड ऑफ फाइल: "बोलता बोलता उठून कायले गेला? बिगिन मोज, एंड मोज, दोन्ही सारखे पाहिजे." हे शेवटचं गोंदियाहून येणाऱ्या एका मुलाने लिहिलं होतं आणि खाली हिंदीत जोडलं होतं, "बात पूरी करो भाई."

सगळ्यात मोठा गोंधळ झाला तो 'एल्स'चा, म्हणजे 'नाहीतर'चा. सेमीकोलन विसरायचा नाही हे मुलांच्या इतकं अंगी लागलं की ती 'एल्स'च्या आधीसुद्धा सेमीकोलन देऊ लागली. पास्कलमध्ये तिथे तो चालत नाही. एरर एकशे तेरा, एरर इन स्टेटमेंट. पट्टीवर एवढंच. काय चुकलं ते मशीन सांगतच नव्हतं. मुलं चिडली. द्या म्हणते, दिला की नको म्हणते! तिसऱ्या दिवशी एका मुलीने लिहिलं, "इफचं बोलणं एल्सपर्यंत चालू असते. मधात सेमीकोलन देल्ला तर बोलणं तुटते, मग एल्स एकटा पडते." ते पान मी आजही कोणत्याही पुस्तकापुढे ठेवायला तयार आहे.

दिवाळीपर्यंत गंमत अशी झाली की मुलं चुका शोधत फिरू लागली. नवी चूक आणली की वहीत पान मिळायचं आणि खाली आपलं नाव. कोणी मुद्दाम अवतरणचिन्ह बंद करेना, कोणी एंडनंतरचं टिंब गाळे. "मॅडम, एरर आला!" ही हाक तीच होती, पण आता ती पैज जिंकल्यासारखी यायची.

विभागप्रमुखांनी वही पाहिली. पानं चाळली, हसले, मग गंभीर झाले.

"मॅडम, उपक्रम चांगला आहे. पण ही भाषा? 'पाय' काय, 'देल्ला' काय! बाहेरून परीक्षक येतील. त्यांच्या हाती ही वही पडली तर आपल्या कॉलेजाबद्दल काय मत होईल?"

"सर, मुलांना समजतंय."

"शुद्ध करून घ्या ना. तुमची मराठी किती चांगली आहे."

मला हॉस्टेलची ती खोली आठवली. मी म्हणाले, "सर, मीही इथलीच आहे. मले ह्या वहीतली एक ओळबी बदलायची नाही."

सहा-सात वर्षांनी ते शब्द माझ्या तोंडून निघाले होते आणि काही कोसळलं नव्हतं. सरांनी वही टेबलावर ठेवली. "परीक्षेच्या दिवशी तरी कपाटात ठेवा," एवढंच म्हणाले.

ताईची एक अडचण होती. त्याआधी पावसाळ्यात, रोवणीच्या दिवसांत ती दोन आठवडे गायब झाली होती. चिखलात धान लावायचं काम, घरातली सगळी माणसं शेतातल्या बांधीत, तेव्हा कॉलेज कुठलं! परत आली तेव्हा मला वाटलं होतं, हिला सुरुवातीपासून सांगावं लागणार. पण तिने पिशवीतून एक वही काढली. दुपारच्या सुट्टीत धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसून तिने अकरा प्रोग्राम पेनने लिहिले होते आणि प्रत्येकाच्या बाजूला लाल पेनने चुका.

"मशीन नव्हती, मग तपासले कोणी?" मी विचारलं.

"मीच मशीन झाली. एकेक शब्द वाचला. पुढचा झाकून ठेवला हातानं. जेथं अडली, तेथं लाल केलं."

ते अकरा प्रोग्राम तिने माझ्यासमोर टाइप केले. नऊ पहिल्या झटक्यात चालले. दहाव्यात एक स्पेलिंग चुकलं होतं, अकराव्यात खरंच अडचण होती, जी सोडवायला मलाही विचार करावा लागला. त्या दिवसापासून मी सगळ्या तुकडीला तसंच करायला लावलं. मशीनला हात लावायच्या आधी हाताने पुढचा शब्द झाकायचा आणि स्वतः वाचायचं. सहा मशीनवर वीस मुलं होती, तो प्रश्नही त्याने अर्धा सुटला.

परीक्षेला पंधरा दिवस असताना कॉलेजला वीस नवी मशीन आली. गोंदियाहून आलेल्या इंजिनियरने ती लावली, पास्कल चढवली आणि तो निघायच्या तयारीत होता. मुलांनी आपापल्या फ्लॉपी घातल्या. जुन्या मशीनवर वर्षभर नीट चाललेले प्रोग्राम नव्या मशीनवर सुरू होताच बंद पडू लागले. रनटाइम एरर दोनशे. डिव्हिजन बाय झीरो. शून्याने भागाकार.

इंजिनियर म्हणाला, "मॅडम, मशीन एकदम बढिया है. प्रोग्राम में ही कुछ गड़बड़ होगी."

मी घाबरले. वहीत हे पान नव्हतं. माझ्याकडेही उत्तर नव्हतं, कारण भागाकार सोडाच, काही प्रोग्रामांत बेरीजसुद्धा नव्हती. पंधरा दिवसांवर परीक्षा, आणि जुन्या सहा मशीनपैकी आता चारच धड होती.

ताई म्हणाली, "मॅडम, माझ्या प्रोग्राममध्ये भागाकार नाही. म्हणजे दुसराच कोणी भागून राहिला. कोण हाये ते पाहू."

तिने प्रोग्रामची एक ओळ काढली, चालवला. एरर. आणखी एक काढली. एरर. मागे सगळी तुकडी गोळा झाली होती. शेवटी प्रोग्रामात तीनच गोष्टी उरल्या: वरची 'युजेस सीआरटी' ही ओळ, बिगिन आणि एंड. मध्ये काहीच नाही. तरीही एरर दोनशे. मग तिने ती वरची ओळ काढली आणि चालवला. काही झालं नाही. लाल पट्टी नाही, एरर नाही, रिकामा प्रोग्राम शांतपणे सुरू होऊन शांतपणे संपला.

"हाच!" ती म्हणाली.

सीआरटी म्हणजे पडदा साफ करणं, अक्षरांना रंग देणं असल्या कामांचा पास्कलसोबत येणारा तयार भाग. आम्ही तो सवयीने प्रत्येक प्रोग्रामात जोडायचो. ती ओळ काढली की पडदा साफ करायची 'सीएलआरएससीआर' ही आज्ञा मशीनला ओळखू येईना. एरर तीन. एव्हाना त्याला कोण घाबरतं! तीही काढली आणि प्रोग्राम धडधडत चालला. पुढे नागपूरच्या एका मैत्रिणीला विचारून मी कारण समजून घेतलं. तो भाग सुरू होताना मशीनचा वेग मोजतो. तो लिहिला गेला तेव्हा एवढी वेगवान मशीन नव्हतीच, त्यामुळे नव्या मशीनवर त्याचा हिशोब फुटतो आणि तो शून्याने भागल्याची ओरड करतो. चूक मुलांची नव्हती, मशीनचीही नव्हती. वहीतलं ते पान ताईने लिहिलं: "मशीन तुझ्याहून आणि पास्कलहून जोरात धावून राहिली. सीआरटी काढ."

परीक्षेच्या दिवशी नागपूरहून परीक्षक आले. वय पन्नाशीच्या पुढचं, चष्मा नाकावर, बोलणं कमी. मागच्या वर्षी नापासांची यादी त्यांनीच केली होती. त्यांनी एक फ्लॉपी आणली होती, तीत मुद्दाम चुका घातलेला एक प्रोग्राम. प्रत्येकाने चुका शोधायच्या, कारण लिहायचं आणि प्रोग्राम चालवून दाखवायचा.

मी दाराशी उभी होते. लाल पट्ट्या आल्या. एकाही मुलाने एस्केप दाबला नाही. एकानेही मला हाक मारली नाही. सगळे वाचत होते, ओठ हलत होते, काहींचे हात पडद्यावरचा पुढचा शब्द झाकत होते. परीक्षक त्या हातांकडे बघत खोलीतून फिरले.

मग ते स्वतः एका रिकाम्या नव्या मशीनपाशी बसले, उत्तराची मूळ प्रत चालवून पाहायला. आणि त्यांचा, सगळ्या चुका काढलेला प्रोग्राम, रनटाइम एरर दोनशे देऊन बंद पडला. त्यांनी पुन्हा चालवला. पुन्हा तेच.

"मॅडम," ते म्हणाले, "तुमची मशीन खराब आहेत."

विभागप्रमुखांचा चेहरा उतरला. मी बोलणार तोच शेजारच्या मशीनवरून ताई उठून उभी राहिली.

"सर, मशीन बरोबर हाये. आन तुमचा प्रोग्रामही बरोबर हाये."

"मग?"

"वरची सीआरटीची ओळ काढा सर. आन तिच्याखालची पडदा पुसायची काढा. मग चालते."

त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. ओळी काढल्या, चालवलं, आणि उत्तर पडद्यावर आलं. खोलीत कोणी टाळी वाजवली नाही, परीक्षा चालू होती, पण वीस चेहऱ्यांवर जे होतं ते मी विसरणार नाही.

"तुम्हाला हे कोणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही सर. एकेक ओळ काढून पाह्यली."

तोंडी परीक्षेत त्यांनी तिला टाइप मिसमॅच विचारलं, पंच्याऐंशी विचारलं, एल्सच्या आधीचा सेमीकोलन विचारला. ती तिच्या बोलीत धडाधड सांगत गेली. कंडक्टरही आला. मला वाटलं, आता हे कपाळाला आठ्या घालतील. ते हसले. मग म्हणाले, "हे सगळं कुठे लिहून ठेवलंय का?"

मी विभागप्रमुख सरांकडे पाहिलं. वही कपाटात होती आणि कपाटाची किल्ली सरांकडे. सर स्वतः उठले, कपाट उघडलं आणि दोन्ही हातांनी वही परीक्षकांपुढे ठेवली. "आमच्या मुलांनी लिहिलीय, सर. त्यांच्या भाषेत."

जेवणाच्या सुट्टीत परीक्षकांनी डबा बाजूला सारून वही वाचली. 'एकटा पडलेल्या एल्स'पाशी ते मोठ्याने हसले. जाताना म्हणाले, "मी इतकी वर्षं पास्कल शिकवतोय. माझ्या मुलांना पट्टी वाचता येत नाही. मला याच्या झेरॉक्स हव्यात." महामार्गावरच्या झेरॉक्सच्या दुकानात आमचे सर स्वतः वही घेऊन गेले, आणि एकही शब्द शुद्ध न करता एकशे बारा पानं काढून आणली.

निकाल लागला. वीसच्या वीस पास. ताई पहिली.

निकालाच्या दिवशी ती सासूला घेऊन आली. म्हातारी कधी कॉलेजात आली नव्हती. पदर सावरत संगणकाच्या खोलीत शिरली आणि मला म्हणाली, "बाई, आमची सून ज्याच्याशी बोलते ते कोणतं?" मी तिला एका मशीनपुढे बसवलं. ताईने दोन ओळींचा प्रोग्राम लिहिला आणि सासूचं बोट धरून चालवायची बटणं दाबली. निळा पडदा जाऊन काळ्यावर म्हातारीचं नाव उमटलं, वीस वेळा, एकाखाली एक. तिला वाचता येत नव्हतं.

"काय लिहिलं?"

"तुमचं नाव, आत्याबाई."

"इतक्यांदा?"

"वीसदा."

म्हातारी पडद्याकडे पाहत बसली. मग वळून म्हणाली, "आणखी एकदा दाब."

पुढे अभ्यासक्रमातून पास्कल गेली, सी ही भाषा आली. ताईने शिक्षण पुरं केलं आणि आमच्याच खोलीत प्रयोगशाळा सहायक म्हणून लागली. २०१० नंतर तिने केशोरीत स्वतःचा संगणक वर्ग काढला. उद्घाटनाला मला बोलावलं होतं. घरापुढच्या पडवीत चार मशीन, बाहेर धानाच्या कापणीचे दिवस, आणि आत शिकायला आलेल्या सात जणी, त्यातल्या पाच लग्न झालेल्या. ताई फळ्यापाशी उभी राहिली, खडू घेतला आणि पहिला तास सुरू केला. मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले आणि पूर्ण तास ऐकला.